पायांकडे बघून वाजवा: ग्रीक लोकनृत्याच्या बँडमधली माझी सहा वर्षं

त्या रविवारी माझी एकही मात्रा चुकली नव्हती. तरीही समोर हातात हात धरून नाचणाऱ्या आठ-नऊ जणींचे पाय तिसऱ्यांदा अडखळले आणि रांग थांबली.

मेलबर्नच्या आग्नेयेकडच्या एका उपनगरातला ग्रीक मंडळाचा हॉल. ताल सात मात्रांचा, तीन-दोन-दोन असा. म्हणजे आपला रूपकच. सांगलीला आमच्या गल्लीतल्या महिला भजनी मंडळात मी बाराव्या वर्षापासून साथ करत आले, रूपक हातात मुरलेला. मग पाय का अडखळतात? रांगेतल्या एक आजी, सत्तरी ओलांडलेल्या, माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. इंग्रजी त्यांना जेमतेम येतं. त्यांनी माझ्या पाठीवर तळहात ठेवला आणि थापट्या द्यायला लागल्या. एक जड, दोन हलक्या. एक जड, दोन हलक्या. पहिली थाप अशी, की मी दर वेळी थोडी पुढे झुकायचे.

तेव्हा उमगलं. रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेला, 'खाली' असते, बिनघुमाऱ्याची जागा. 'ती ती ना, धी ना, धी ना': पहिल्या मात्रेला डग्गा गप्प, घुमारा येतो तो चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. माझे हात ग्रीक वाद्यावरही सवयीने तेच करत होते. नाचणाऱ्या बाईला पहिल्या मात्रेला जमिनीवर पाय रोवायचा असतो, आणि नेमकी तिथे मी तिच्या पायाखालची जमीन काढून घेत होते.

याला सहा वर्षं झाली. अजूनही दर रविवारी मी त्याच बँडमध्ये वाजवते. मेलबर्न, सिडनी, टोरांटो किंवा न्यूयॉर्कच्या अस्टोरियात राहणारे बरेच मराठी लोक तबला, हार्मोनियम, व्हायोलिन, गिटार असं काहीतरी शिकलेले असतात आणि परदेशात आल्यावर ते वाद्य कपाटावर जातं. त्यांच्यापैकी कुणाला शेजारच्या ग्रीक हॉलमधून क्लॅरिनेटचा आवाज ऐकून आत जावंसं वाटलं, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आत जावंच, असं माझं मत आहे. पण काय घेऊन जायचं आणि काय बाहेर ठेवायचं, हे आधी कळलं असतं तर माझे पहिले सहा महिने सुखाचे गेले असते.

मी क्लेटनला शिकायला आले आणि मग तिथेच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागले. शेजारच्या ओकलीत ग्रीकांची मोठी वस्ती, कॉफीची दुकानं, मिठाईची दुकानं. इथल्या ग्रीक समाजाची मुख्य संस्था 1897 ची आहे, पण खरी लाट आली ती 1952 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि ग्रीस यांच्यात स्थलांतराचा करार झाल्यानंतर. माणसं बोटींनी आली, कारखान्यांत लागली आणि थोडी सावरल्यावर प्रत्येकाने आपापल्या गावाचं, बेटाचं, प्रांताचं मंडळ काढलं. त्याला ते आदेल्फोतिता म्हणतात, म्हणजे भाऊबंदांची संस्था. मुंबईत गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाची मंडळं असायची, तसंच. आमचा बँड अशाच एका मंडळाच्या हॉलमध्ये सराव करतो.

बँड म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं इथे काही नाही. क्लॅरिनेट वाजवणारे काका निवृत्त ट्रामचालक आहेत, त्यांना सगळे 'थिओ' म्हणजे काकाच म्हणतात. लाऊतो, म्हणजे लांब मानेचं तारांचं वाद्य, वाजवणारा प्लंबर आहे. व्हायोलिनवाली शाळेत शिकवते, गाणाऱ्या दोघी बहिणी. सरावाला कधी पाच जण असतात, कधी अकरा. कुणाची ऑडिशन घेत नाहीत. तुम्ही येता, कडेला बसता, कॉफी पिता, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुणीतरी म्हणतं, घे, वाजव. पण एवढ्यावरून हे सगळं सैल आहे असं समजू नका. या लोकांच्या आया या तालांवर नाचल्या, आज्या नाचल्या. चूक झाली तर कुणी रागावत नाही, फक्त नाचणारी माणसं खाली बसतात. त्याहून मोठी शिक्षा मला तरी ठाऊक नाही.

म्हणून नवीन आलेल्याला मी पहिली गोष्ट सांगते: वाद्य घरी ठेवून या आणि आधी नाच शिका. बहुतेक मंडळांत आठवड्यातून एकदा नाचाचा वर्ग असतो, लहान मुलांचा आणि मोठ्यांचा. कालामातियानोस हा नाच तिथे सगळ्यात आधी शिकवतात. नाव दक्षिण पेलोपोनीजमधल्या कालामाता शहरावरून, पण आता तो सगळ्या ग्रीसचा नाच आहे. लग्न असो की बारसं, तो होतोच. उघडं वर्तुळ, रांग उजवीकडे सरकते, उजव्या टोकाला पुढारी. त्याने आणि त्याच्या शेजाऱ्याने मिळून एक रुमाल धरलेला. एकूण बारा पावलं, चार आवर्तनांत बसवलेली. प्रत्येक आवर्तनात एक लांब पाऊल आणि दोन आखूड.

एक आवर्तन साधारण दोन सेकंदांत संपतं. आपण ज्या लयीत रूपक वाजवतो त्या मानाने हे फार जलद आहे. नाचणारा सात मोजतच नाही. तो तीनच मोजतो: लांब, आखूड, आखूड. मी स्वतः नाचले तेव्हा हे पोटरीला कळलं, डोक्याला नंतर. आणखी एक गंमत तिथेच कळली. गाण्याची ओळ कधी चार आवर्तनांची असते, कधी पाचाची, कधी सहाची. पण नाचाचं चक्र चाराचंच. त्यामुळे गाणं आणि नाच आपापल्या वाटेने जातात, मधेच कुठेतरी भेटतात, परत सुटतात. कुणाला त्याचं काही वाटत नाही. समेवर सगळ्यांनी एकत्र यायलाच हवं, हा आपला हट्ट इथे सोडावा लागतो.

आणि तिहाई. तबला वाजवणाऱ्यांनो, हे नीट वाचा. दुसऱ्याच महिन्यात एका गाण्याच्या शेवटी मी छान तिहाई घेतली, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर आले. आपल्याकडे दाद मिळाली असती. इथे रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांनी पाय उचललेला तसाच ठेवला, कारण ठेका मधेच मोडल्यासारखा झाला. एका आजोबांचा तोल गेला, शेजारच्याने सावरलं. थिओ काही बोलले नाहीत. सरावानंतर कप धुताना फक्त म्हणाले, "पोरी, ते गुडघे ऐंशी वर्षांचे आहेत." तेव्हापासून नाचात मी तिहाई घेतलेली नाही. लग्गी, म्हणजे ठेक्यातली जलद भरगच्च वाजवणूक, तीसुद्धा अगदी जपून, तीही पुढारी रंगात आला आहे हे दिसलं तरच.

वाद्यांबद्दल. माझं मुख्य वाद्य तुंबेलेकी: पेल्याच्या आकाराचं, एका तोंडाचं, मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं. मधोमध मारलं की 'दुम्', कडेला मारलं की 'टेक', दुसऱ्या हाताने हलकं 'का'. कालामातियानोसचा साधा ठेका असा: दुम्, मग दोन मात्रा मोकळ्या, टेक, एक मोकळी, टेक, एक मोकळी. मोकळ्या मात्रांत 'का' भरता येतो, पण पहिला महिना भरू नका. आपला हात मोकळी मात्रा दिसली की भरायला धावतो. ती मोकळी ठेवणं हीच खरी मेहनत आहे.

तुंबेलेकी घेताना धातूची आणि कृत्रिम पुडीची घ्या. मेलबर्नला एका दिवसात चार ऋतू होतात, चामडं सकाळी ताणलेलं आणि संध्याकाळी ढिलं. वादीवर हातोडी मारून सूर लावायची सोय इथे नाही.

दाऊली हे दुसरं. मोठं, दोन तोंडांचं, खांद्याला अडकवून उभ्याने वाजवायचं. एका बाजूला जाड दांडा, दुसऱ्या बाजूला बारीक काठी. ढोल-ताशा पथकात ज्यांनी टिपरू हातात धरलं आहे त्यांना दांडा लगेच जमेल, पण दुसऱ्या बाजूला आपण हात वापरतो आणि इथे पातळ छडी असते, तिची उसळी सवयीची व्हायला वेळ लागतो. दाऊलीचा जोडीदार झुर्नास, म्हणजे सनईच्याच घराण्यातलं, पण फार धारदार आवाजाचं वाद्य. उघड्यावर, चौकात, हे दोघंच पुरतात. आमच्याकडे सनई-हलगीला जे स्थान, तेच. ग्रीक लोकही अशा दोघांच्या जोडीला खास नाव देतात, झिया. बेटांवर ही जोडी व्हायोलिन आणि लाऊतोची. मुख्य भूमीवर चौघा-पाचांचा ताफा, क्लॅरिनेट, व्हायोलिन, लाऊतो, सांदूरी किंवा देफी असा. सांदूरी म्हणजे संतूर, देफी म्हणजे डफ. शब्द आणि वाद्यं एकाच मुलखातून निघाली, काही पश्चिमेला गेली आणि काही आपल्याकडे आली. बंद हॉलमध्ये झुर्नासच्या शेजारी उभं राहायचं असेल तर औषधांच्या दुकानातून कानात घालायचे बोळे घेऊन ठेवा. माझा डावा कान एका रात्रीनंतर दोन दिवस गुणगुणत होता.

सुरांची वाद्यं वाजवणाऱ्यांसाठी एक मोठा खड्डा सांगते. सरावात कुणी म्हणालं "रे", तर तो आपला रे नव्हे. ग्रीक लोक स्वरांना दो, रे, मी, फा म्हणतात आणि ते स्वर पक्के असतात, जागेला खिळलेले. 'रे' म्हणजे काळी-पांढरीवरची ठरलेली पट्टी, ज्याला इंग्रजीत डी म्हणतात. 'रे मिनोरे' म्हणजे त्या पट्टीतला मायनर. आमच्याकडे एक मराठी मुलगा हार्मोनियम घेऊन आला होता, छान हात होता. पण रे ऐकला की त्याचा कान आपोआप षड्जापासून दुसऱ्या स्वरावर जायचा. त्यातच क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं असलं, तर लाऊतोवाला ज्याला रे म्हणतो त्याला क्लॅरिनेटवाला आपल्या बोटांच्या हिशोबाने मी म्हणतो. शेवटी त्या मुलाने वहीत प्रत्येक गाण्यापुढे आपला षड्ज कोणता हे लिहून ठेवलं, आणि प्रश्न मिटला. तुम्हीही तसंच करा.

रागांच्या जवळचं जे काही आहे त्याला ते द्रोमोस म्हणतात. द्रोमोस म्हणजे रस्ता. मला हा शब्द फार आवडतो. हिजाझ नावाचा रस्ता घ्या: कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद. आपल्या बसंत मुखारीचेच स्वर. निषाद शुद्ध केला की हिजाझकार, आणि आपण भैरवाच्या दारात उभे. उसाक ऐकला की भैरवी आठवते. वायव्य ग्रीसमधल्या एपिरस प्रांतातली गाणी तर बहुतेक पाचच स्वरांची. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. धानी! पहिल्यांदा तिथल्या गाण्याची सुरावट ऐकली तेव्हा मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन स्पीकरसमोर धरला. ती स्वयंपाक करत होती. क्षणभर झारा हातातच राहिला. "हे कुठल्या गावचं गं?" म्हणाली.

पण सावध. स्वर तेच असले तरी चाल वेगळी. आपण स्वरावर टिकतो, ते स्वरावरून घसरतात. क्लॅरिनेटवर एपिरसची माणसं एक स्वर खालून ओढत आणतात, कण्हल्यासारखा. तिथे कार्यक्रमाची सुरुवातच मिरोलोईने करायची रीत आहे, मिरोलोई म्हणजे मृतासाठीचा विलाप. पेत्रोलूकास हाल्कियास या एपिरसच्या क्लॅरिनेटवादकाची ध्वनिमुद्रणं मिळतील ती ऐका. गाण्यांसाठी दोमना सामिऊ यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जमवलेला संग्रह आहे. त्या 1928 ते 2012 या काळातल्या, आईवडील आशिया मायनरहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, आलेले निर्वासित. त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर गाणी शब्दांसह ऐकता येतात. मी रोज बसमध्ये एक ऐकायचे, तीन वर्षं.

तालाशिवायची सुरुवातीची वाजवणूक असते, तिला ताक्सिमी म्हणतात. तिथे आपला आलापाचा अभ्यास खरंच उपयोगी पडतो. व्हायोलिन शिकलेल्यांनी ही संधी सोडू नये. फक्त आटोपशीर ठेवा, दीड-दोन मिनिटं, कारण लोक नाचायला उभे राहिलेले असतात.

पुन्हा तालाकडे येते, कारण माझा जीव तिथेच आहे. कालामातियानोसनंतर सिर्तोस. पावलं जवळजवळ तीच बारा, पण आवर्तन आठाचं. बेटांवरचा सिर्तोस तीन-तीन-दोन असा फुटतो, आणि केरवा वाजवलेले हात तो चार-चार करायला बघतात. चार-चार केलं की गाणं सपाट होतं, समुद्र निघून जातो. कार्यक्रमात थिओ एका गाण्यातून दुसऱ्यात न थांबता जातात. सातातून आठात. नाचणारे पावलं न बदलता पुढे जातात, ताल बदलायची जबाबदारी एकट्या ठेकेवाल्याची. खूण काय? थिओ क्लॅरिनेटचं तोंड वर उचलतात, बस. घरी मी याचा सराव असा केला: चार आवर्तनं सात, चार आवर्तनं आठ, परत सात, अर्धा तास, तोंडाने बोल म्हणत, भाजी चिरताना. वाद्याशिवाय.

त्सामिकोसमध्ये तीन मात्रा, संथ. पुढारी रुमालाच्या आधाराने मागे झुकतो, उडी मारतो, पायाच्या पंज्याला हात लावतो. तो हवेत असताना तुमची पुढची मात्रा पडता कामा नये. मेट्रोनोम इथे काहीच कामाचा नाही. त्याचा पाय खाली येतो, तेव्हा तुमचा हात खाली येतो. मी त्सामिकोस शिकले ते डोळे उघडे ठेवून. आपल्याला तल्लीन होऊन डोळे मिटायची सवय असते. नाचासाठी वाजवताना डोळे मिटणारा माणूस रांगेला सोडून गेलेला असतो.

सिर्ताकी वाजवा अशी फर्माईश बिगर-ग्रीक पाहुणे हमखास करतात. तो नाच 1964 च्या 'झोर्बा द ग्रीक' या चित्रपटासाठी बसवलेला, संगीत मिकिस थिओदोराकिस यांचं. हासापिको या जुन्या नाचाच्या संथ आणि जलद रूपांवर तो आधारलेला आहे. आम्ही तो वाजवतो, मनापासून वाजवतो, मुलांना फार आवडतो. फक्त तोच म्हणजे ग्रीक लोकनृत्य असं समजून कुणी बँडमध्ये येऊ नये.

आता प्रांतांचं. यात मी एक चूक केली आहे, ती सांगते. दुसऱ्या वर्षी मला गाण्यांची यादी करायला सांगितली. एका प्रांताच्या मंडळाचं वार्षिक जेवण होतं. मी मला आवडणारे, उसळते, क्रीटचे नाच आधी घातले. वीस मिनिटं कुणी उठलं नाही. माणसं जेवत राहिली, आमच्याकडे बघून नम्रपणे टाळ्या वाजवत राहिली. ते लोक होते एपिरसचे. त्यांच्या आजोबांच्या जेवणाच्या रात्री मी परक्या बेटाची गाणी लावली होती. थिओंनी मधेच पोगोनिसिओस धरला, चार मात्रांचा, संथ, एपिरसचा. दोन बायका खुर्च्या मागे सारून उठल्या, मग पाच, मग सगळं टेबल. तेव्हापासून मी यादी करण्याआधी मंडळाच्या सेक्रेटरींना फोन करून दोनच गोष्टी विचारते. तुमचे लोक कुठल्या गावांचे, आणि सगळ्यात वयस्कर माणसाला काय आवडतं?

कार्सिलामास आणि झेइबेकिको हे दोन्ही नऊ मात्रांचे, दोन-दोन-दोन-तीन. पहिला जलद, समोरासमोर नाचायचा. दुसरा संथ, एकट्याचा. यांच्या मागे इतिहास आहे आणि तो माहीत असल्याशिवाय ते वाजवू नयेत असं मला वाटतं. 1922 मध्ये आशिया मायनरमध्ये तुर्कांकडून ग्रीकांचा पराभव झाला, 1923 च्या करारानुसार दोन्ही देशांत लोकसंख्येची अदलाबदल झाली. दहा लाखांहून जास्त माणसं घरंदारं सोडून ग्रीसमध्ये आली. स्मिर्ना (आजचं इझमिर) आणि आसपासची गाणी त्यांच्याबरोबर आली. अथेन्सचं बंदर असलेल्या पिरेअसच्या वस्त्यांत त्यातून आणि तिथल्या गाण्यांतून रेबेतिको हा शहरी गाण्यांचा प्रकार उभा राहिला, त्याची युनेस्कोने 2017 मध्ये वारसा म्हणून नोंद केली. फाळणीनंतर जे जे या बाजूला आलं त्याची आपल्याला कल्पना आहे. त्याच मनाने हे ऐकावं.

मागच्या हिवाळ्यात एका रात्री, साडेअकराच्या सुमाराला, एक आजोबा एकटे उठले. झेइबेकिको सुरू होता. तो एकट्याचा नाच. कुणी उठत नाही, आजूबाजूला बसून टाळ्या धरतात. त्यांच्या मुलीने गुडघ्यावर बसून टाळी धरली. आजोबा हात पसरून उभे राहिले आणि पहिलं आवर्तन हललेच नाहीत. दुसऱ्या आवर्तनात एक पाऊल. माझा हात वेग धरायला बघत होता. नऊ संथ मात्रा धरून ठेवणं म्हणजे भरलेली घागर डोक्यावर घेऊन उभं राहणं. थिओंनी माझ्याकडे न बघता डाव्या पायाने हळू असा इशारा केला. आजोबांनी वाकून तळहाताने जमीन थोपटली, एकदा, आणि ते बरोबर माझ्या दुम् वर पडलं. नंतर कळलं, त्यांची पत्नी त्या वर्षी गेली होती. तो हॉल त्या दोघांनी मिळून रंगवला होता, 1960 च्या दशकात.

अशा वेळी गाणं लवकर संपवायचं नाही, वेग वाढवायचा नाही, आणि फोटो तर अजिबात काढायचा नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. सामाजिक बँडमध्ये मानधन मिळतंच असं नाही. आमच्याकडे मंडळाच्या कार्यक्रमाला काही घेत नाही, जेवण मिळतं. बाहेरच्या लग्नाला घेतो आणि वाटून घेतो. किती, कधी, पेट्रोलचं काय, हे आधी विचारा. एका लग्नाच्या वेळी आम्ही विचारलं नव्हतं, आणि पहाटे दोन वाजता पार्किंगमध्ये उभं राहून बोलायची वेळ आली. जुनी रीत अशी की नाचणारा पुढारी वाजवणाऱ्यांवर नोटा उधळतो किंवा क्लॅरिनेटवाल्याच्या कपाळाला चिकटवतो. याला हार्तूरा म्हणतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तमाशातला दौलतजादा आठवला. त्या नोटांना हात लावू नका. त्या सगळ्या बँडच्या असतात, ज्येष्ठ माणूस शेवटी गोळा करतो.

भाषा येत नसली तरी चालतं. गाण्याचे पहिले दोन शब्द पाठ करा म्हणजे कोणतं गाणं सुरू झालं ते कळेल. ग्रीक लिपी आठवडाभरात वाचता येते, ती नक्की शिका, कारण गाण्यांच्या फायली त्याच लिपीत असतात. दाद देताना 'या सू' म्हणतात आणि पुढे वाजवणाऱ्याचं नाव. पहिल्यांदा कुणी माझ्या नावाने 'या सू' म्हटलं तो दिवस मी वहीत लिहून ठेवला आहे. आणि एक शब्द शिकायची गरजच पडणार नाही: केफी. रंग चढणं, मन भरून येऊन नाचावंसं वाटणं, याला ते केफी म्हणतात. अरबी मुळातून तुर्कीमार्गे ग्रीकमध्ये गेलेला हा शब्द, फारसीमार्गे आपल्याकडे 'कैफ' होऊन आलेला.

वर्षाचं वेळापत्रक चर्चच्या दिनदर्शिकेवर चालतं, हे ध्यानात ठेवून आपल्या सुट्ट्या टाका. ईस्टरच्या आधीचे सुमारे सात आठवडे उपवासाचे, त्यात लग्नं नाहीत, नाचगाणं नाही. अपवाद 25 मार्चचा, तो राष्ट्रीय दिवसही आणि धार्मिक सणही. उपवासाआधीच्या कार्निव्हलच्या आठवड्यांत श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि ईस्टरनंतर परत धावपळ. 15 ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण. ग्रीसमध्ये तेव्हा ऐन उन्हाळा आणि गावागावांत पानिगिरी, म्हणजे आपल्या ग्रामदैवताची जत्राच. मेलबर्नला मात्र तेव्हा थंडी, त्यामुळे सगळं हॉलमध्ये, हीटर लावून.

बँडमध्ये शिरायला उपवासाचे आठवडे सगळ्यात चांगले. कार्यक्रम नसतात, माणसं निवांत असतात, नवीन गाणी बसवायचं काम चालतं, आणि नवख्याला समजावून सांगायला वेळ असतो. सरावानंतर प्रत्येक जण घरून काहीतरी आणतो. मांस, अंडी, दूध, चीज यातलं काही चालत नाही, म्हणून मी कांदेपोहे नेते. पहिल्या वर्षी त्या पाठीवर थापट्या देणाऱ्या आजींनी डब्यात वाकून बघितलं, एक चमचा खाल्ला, लिंबू मागितलं. आता दर वर्षी पहिल्या रविवारी त्या आपल्या झाडाची लिंबं पिशवीत घालून घेऊन येतात.